गुणांच्या पुण्याईवर एक रात्र

मुंबईस गेला आणि अपोलो बंदरावर जाऊन उभा राहिला नाहीं, असा महाराष्ट्रीय गृहस्थ विरळाच. समोर गेट वे ऑफ इंडियाची कमान, तिच्या पलीकडे घारापुरीस जाणाऱ्या बोटी, आणि पाठीशीं तांबूस घुमटाचें ताजमहाल हॉटेल. मुलांना बोटी दाखवाव्या, शेंगदाण्यांची पुडी घ्यावी, छायाचित्र काढून घ्यावें आणि उन्हें कललीं कीं परतावें, हा आपल्या कुटुंबांचा तीन पिढ्यांचा परिपाठ आहे. त्या छायाचित्रांत मागें हें हॉटेल असतेंच. परंतु छायाचित्रांतल्या मंडळींपैकीं त्याच्या आंत कोणी पाऊल टाकलेलें असतें, असें मात्र नाहीं. गेल्या मार्च महिन्यांत आम्हां उभयतांना तेथें एक रात्र राहण्याचा योग आला. तो योग संपत्तीच्या बळावर आला नाहीं, किंवा कोणा श्रीमंत आप्ताच्या कृपेनेंहि आला नाहीं. हल्लीं ज्यांस ‘पॉइंट’ म्हणतात त्या गुणांच्या पुण्याईवर तो आला. त्या वास्तूविषयीं, त्या गुणांविषयीं, आणि दोहोंवरून मनांत आलेल्या विचारांविषयीं चार शब्द लिहावे, अशी इच्छा आहे.

प्रथम गुणांची हकीकत सांगितली पाहिजे. कारण घरोघरीं तरुण मंडळी हे गुण जमवीत असतात, आणि वडील माणसांना त्यांचें गूढ उकलत नाहीं. आम्हीं शाळेंत पस्तीस वर्षें मुलांना गुण दिले. मुलानें जें मिळविलें त्याबद्दल ते द्यावयाचे असतात. हे नवे गुण मनुष्यानें जें खर्चिलें त्याबद्दल मिळतात! या कल्पनेचा उगम अमेरिकेंतला. तेथें १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीनें हिरवीं तिकिटें काढलीं. दुकानदार गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणांत तीं देई. गृहिणी तीं एका वहींत चिकटवीत. आणि वह्या भरल्या कीं त्यांच्या बदल्यांत घरांतली एखादी वस्तु मिळे. पुढें १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स या विमानकंपनीनें प्रवाशाच्या मैलांचें खातें ठेवण्यास आरंभ केला, आणि १९८३ सालीं हॉलिडे इन व मॅरिएट या हॉटेलवाल्यांनीं तीच रीत उचलली. वहीची जागा यंत्रानें घेतली, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे ताजमहाल हॉटेल चालविणारी इंडियन हॉटेल्स कंपनी ही टाटा समूहांतली. या समूहानें २०२२ सालीं ‘टाटा न्यू’ नांवाची जी व्यवस्था काढली, तींत किराणा, औषधें, कपडे, विजेचीं उपकरणें आणि हॉटेलें हीं सारीं एका माळेंत ओवलीं. कोठेंहि खरेदी केली कीं खात्यावर नाणीं जमतात. त्यांस ‘न्यूकॉइन’ म्हणतात, आणि एक नाणें एका रुपयाचें धरतात. या व्यवस्थेशीं जोडलेलें उधारीचें कार्ड घेतलें, म्हणजे इतर दुकानांतल्या खर्चावरहि थोडींफार नाणीं मिळतात.

हें सर्व आमच्या चिरंजीवांनीं समजावून दिलें तेव्हां आम्हांस गीतेचा नववा अध्याय आठवला. यज्ञयाग करून स्वर्गास गेलेले लोक तेथील विशाल भोग भोगतात, आणि गांठचें पुण्य सरलें कीं पुनः मर्त्यलोकीं उतरतात, असें तेथें सांगितलें आहे. गुणांचाहि प्रकार तोच. जमवावे, एका रात्रीपुरतें स्वर्गांत जावें, आणि दुसऱ्या दिवशीं अकरा-बारा वाजतां किल्ली परत करून मर्त्यलोकीं यावें. मात्र एक भेद आहे. शास्त्राच्या मतें केलेलें कर्म भोगल्यावांचून संपत नाहीं. हे गुण मुदत टळली कीं न भोगतांच नष्ट होतात. त्यामुळें ते वेळेवर भोगून टाकण्याची घाई माणसाला सुटते, आणि ती सुटावी हाच योजकांचा हेतु असतो.

हे गुण देतो कोण? बँक धर्मार्थ कांहीं वांटीत नाहीं. आपण कार्डानें शंभर रुपयांचा माल घेतला, तर दुकानदाराच्या हातीं पुरे शंभर पडत नाहींत. कांहीं अंश बँकांकडे व कार्डकंपनीकडे जातो, आणि त्या अंशांतला तुकडा आपल्याला गुणांच्या रूपानें परत मिळतो. शहाणा दुकानदार हा भार मालाच्या किमतींत धरून ठेवतो. म्हणजे जो गरीब मनुष्य रोख पैसे मोजून तोच माल घेतो, तोहि आपल्या गुणांस नकळत हातभार लावतो. त्याच्या खात्यावर मात्र कांहीं जमत नाहीं. कार्डाची बाकी मुदतींत न फेडणारा जो असतो, त्याच्यावर दरमहा शेंकडा तीन-साडेतीनच्या घरांत व्याज चढतें. वर्षाचा हिशेब केला तर तो चाळिसाच्या आसपास जातो, आणि जुन्या काळचा सावकारहि त्यापुढें सौम्य वाटूं लागतो. कोणाच्या तरी व्याजावर कोणाची तरी मेजवानी चालते, ही गोष्ट गुण जमविणारानें विसरूं नये. आमच्या घरीं बाकी दर महिन्याच्या ठरल्या तारखेस पुरी फेडतात, व गुणांसाठीं म्हणून एकहि वस्तु घेत नाहींत. ही शिस्त सूनबाईंची आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, आमच्या वडील भगिनी अक्का, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. कार्ड चिरंजीवांच्या नांवाचें. परंतु त्यावर खर्च होतो तो साऱ्या घराचा. माघ महिन्याच्या अखेरीस एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीवांनीं सांगितलें कीं, खात्यावर २८,६४० नाणीं जमलीं आहेत, त्यांतील बरींचशीं मार्चअखेर बुडतील, आणि तेवढ्यांत ताजमहाल हॉटेलाची एक रात्र बसते. “तुम्ही आणि आई जाऊन या,” ते म्हणाले.

यावर घरांत जी चर्चा झाली ती एखाद्या धर्मसभेंत शोभली असती. सौभाग्यवतींनीं प्रथम विचारलें, “हींच नाणीं वाण्याकडे चालतात का?” चालतात, असें सूनबाईंनीं सांगितलें; त्याच व्यवस्थेंतून घरीं किराणा येतो. “मग दोन महिन्यांचा किराणा येईल कीं!” हा आक्षेप फार सयुक्तिक होता. एक नाणें जर एक रुपया, तर ती रात्र फुकट नव्हे. ती दोन महिन्यांचा किराणा देऊन विकत घेतलेली रात्र होय. ‘फुकट’ या शब्दानें मनुष्य जितका फसतो तितका दुसऱ्या कशानेंहि फसत नाहीं. गुणांवर मिळणाऱ्या प्रत्येक सुखाविषयीं हा प्रश्न घरांतल्या हिशेब ठेवणाऱ्या माणसानें विचारलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न आम्हीं काढला. हीं नाणीं जमलीं कशाचीं? सूनबाईंनीं यादी काढून दाखविली. मोठ्या नातवाची महाविद्यालयाची फी, बंधूंच्या खोलींतलें पंख्याचें व शीतयंत्राचें सामान, वर्षाचा किराणा; आणि या साऱ्यांत सतत चालू असलेली एक बाब म्हणजे अक्कांचीं औषधें. दोन वर्षांपूर्वीं अक्कांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हांचा रुग्णालयाचा खर्च आणि पुढें दर महिन्याचीं औषधें यांचा वांटा मोठा होता. तेव्हां आम्हीं म्हटलें, न्यायानें अक्कांनीं जावें. अक्का पलंगावर बसून वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “मला परक्या अंथरुणावर झोंप लागत नाहीं, आणि तिथलें पचत नाहीं. माझ्या औषधांचें पुण्य तुम्हां दोघांना लागूं दे.” मग थोड्या वेळानें सौभाग्यवतींकडे वळून म्हणाल्या, “तूं या घरांत आलीस त्या वर्षीं आपण बंदरावर गेलों होतों. तूं विचारलें होतेंस, आंत कोण राहतें म्हणून. जाऊन बघून ये.” सौभाग्यवतींनीं किराण्याचा विषय त्यानंतर काढला नाहीं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीननें निघालों. मुंबईच्या ज्या स्थानकावर ही गाडी थांबते, तें पूर्वींचें व्हिक्टोरिया टर्मिनस, आतांचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनीं बांधलेल्या या स्थानकाच्या कामांत त्यांचे साहाय्यक म्हणून एक महाराष्ट्रीय इंजिनियर होते, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. पुढें याच वैद्यांनीं डी. एन्. मिर्झा यांच्यासह ताजमहाल हॉटेलाचा आराखडा केला. म्हणजे ज्या छपराखालीं आम्ही गाडींतून उतरलों आणि ज्या घुमटाजवळ जाऊन निजलों, त्या दोहोंच्या उभारणींत एकाच गृहस्थाचा हात होता. हॉटेलाची इमारत पुरी होण्यापूर्वींच वैद्य निवर्तले, व डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरानें तें काम तडीस नेलें. आपल्या मंडळींना स्टीव्हन्सचें नांव ठाऊक असतें. वैद्यांचें फार थोड्यांना. म्हणून तें येथें मुद्दाम लिहिलें आहे.

या वास्तूविषयीं दोन दंतकथा बहुतेकांच्या कानीं आलेल्या असतात. एक अशी कीं, जमशेटजी टाटांना काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलांत मज्जाव झाला, म्हणून त्यांनीं चिडून हें बांधलें. कथा रसाळ आहे, परंतु तिला पक्का आधार नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, शहराची रया गेली, व्यापारी व प्रवासी दुरावले. अशा वेळीं आपल्या शहराची पत पुनः वाढावी ही जमशेटजींची इच्छा होती, असें अभ्यासक सांगतात, आणि तें त्यांच्या स्वभावाला अधिक साजतें. दुसरी कथा अशी कीं, इमारत चुकून उलटी बांधली गेली, आणि तें पाहून शिल्पकारानें जीव दिला. हीहि कल्पितच. मूळ दरवाजा शहराच्या बाजूस होता, कारण गाड्याघोडे तिकडून येत. तेथें आतां पोहण्याचा तलाव आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. त्यानंतर जेमतेम पांच महिन्यांनीं, १९ मे १९०४ रोजीं, जमशेटजी वारले.

गंमत अशी कीं, ज्या कमानीच्या शेजारीं हें हॉटेल आहे असें आपण सांगतों, ती कमान हॉटेलाहून लहान आहे! पंचम जॉर्ज बादशहा १९११ सालीं या बंदरावर उतरले तेव्हां ती नव्हती. जॉर्ज विटेट यांनीं तिचा आराखडा केला, आणि १९२४ सालीं ती लोकांना खुली झाली. पुढें २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांचें शेवटचें पायदळ याच कमानींतून बोटींवर चढून स्वदेशीं गेलें. आज कमानीच्या समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. तो १९६१ सालच्या प्रजासत्ताकदिनीं उभारला गेला. हें सर्व त्या हॉटेलाच्या खिडक्यांनीं पाहिलें. पहिल्या महायुद्धांत तेथें ६०० खाटांचें रुग्णालय होतें. सरोजिनी नायडू मुंबईस असतां येथें उतरत असत. शंभर वर्षांपेक्षां अधिक काळ एकाच जागीं उभ्या असलेल्या घराप्रमाणें त्यालाहि आजारपणें, पाहुणे आणि सुतकें यांचा अनुभव आहे.

आम्ही दारांत उतरलों तों कोणीतरी नमस्कार करून पिशव्या हातांतून घेतल्या. सौभाग्यवतींच्या पिशवींत दाण्याच्या लाडवांचा डबा होता, ती त्यांनीं सोडली नाहीं. आमच्या खोलीपर्यंत पोंचवावयास जो तरुण आला, तो आमचें बोलणें ऐकून मराठींत बोलूं लागला, रत्नागिरीकडचा होता. “काका, पहिल्यांदाच आलांत का?” असें त्यानें इतक्या सहजपणें विचारलें कीं, त्यांत हिणवणें नव्हतें. आमची खोली जुन्या प्रासादांत नव्हती. तेथील खोल्यांना आमचे गुण पुरले नसते. प्रासादाच्या शेजारीं १९७३ सालीं जो उंच मनोरा उभा राहिला, त्यांत ती होती. खिडकींतून कमान आपल्या पायांशीं दिसे. गर्दींतलीं माणसें हरभऱ्याएवढीं दिसत होतीं. आणि त्यांतले कित्येक वर मान करून आमच्याकडे पाहत होते. सौभाग्यवती पुष्कळ वेळ तेथें उभ्या होत्या. “आपण तिथून असेंच बघत होतों,” एवढेंच त्या म्हणाल्या.

दुपारीं जुना प्रासाद पाहिला. मध्यभागींचा जिना मजल्यामागून मजले चढत जातो, आणि वर पाहिलें कीं घुमटाची पोकळी दिसते; जिन्याजवळ जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. भिंतींवर हुसेन, रझा, गायतोंडे अशा आधुनिक चित्रकारांचीं कामें हॉटेलानें संग्रहीं ठेविलीं आहेत. पहिल्या मजल्यावर समुद्राकडे तोंड असलेली चहाची खोली आहे, तिला ‘सी लाउंज’ म्हणतात. मुंबईच्या पारशी-गुजराथी घराण्यांतलीं स्थळें पाहण्याचे कार्यक्रम पूर्वीं येथें होत, असा तिचा लौकिक आहे. आम्हीं तेथें चहा घेतला. त्याची किंमत येथें लिहीत नाहीं; सौभाग्यवतींनीं ती आपल्या वहींत लिहिली आहे, व समोर उद्गारचिन्ह घातलें आहे. परंतु त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती किमतीपेक्षां आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. लग्नाला त्रेचाळीस वर्षें झालीं. या काळांत दुपारचा चहा आपण न करतां, आणि पाठीमागें कोणाचा करावयाचा राहिला आहे याचा विचार न करतां, आपण प्याला नव्हता. आम्हीं मनांत उजळणी करून पाहिली. बोलणें खरें होतें.

आतां जें लिहावयाचें तें जरा जपून लिहिलें पाहिजे. हॉटेलांत एका ठिकाणीं एक स्मारक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेक्यांनीं मुंबईवर हल्ला केला, त्यांत हें हॉटेल तीन दिवस जळत व झगडत होतें. येथें जे ३१ जण मृत्युमुखीं पडले, त्यांचीं नांवें त्या स्मारकावर आहेत. त्यांत पाहुणे आहेत, तसे येथले नोकरहि आहेत. त्या दिवसांविषयीं पुढें पुष्कळ लिहिलें गेलें, आणि त्यांतली एक गोष्ट सर्वांनीं नोंदली आहे. स्वयंपाक्यांना आणि वाढप्यांना मागचे जिने, बोळ, दारें सारें ठाऊक होतें. त्या वाटांनीं स्वतः निसटून जाणें त्यांना अवघड नव्हतें. पुष्कळांनीं तसें केलें नाहीं. आधीं पाहुण्यांना बाहेर काढलें, त्यांना मध्यें घेऊन आपण कडेला उभे राहिले, आणि त्यांतले कित्येक तेथेंच पडले. कोणीं हुकूम केला म्हणून त्यांनीं हें केलें, असें दिसत नाहीं. जळालेला जुना प्रासाद दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुनः उघडला.

सौभाग्यवतींनीं सारीं नांवें एकेक करून वाचलीं आणि हात जोडले. तो रत्नागिरीचा तरुण जवळच होता. तो म्हणाला, “काकू, तेव्हां मी पांचवींत होतों. आमच्याकडचे जुने लोक त्या रात्रीं इथें होते. ते त्याबद्दल फारसें बोलत नाहींत.” मग तो आपल्या कामाला गेला.

मनूनें अतिथि शब्दाचें जें विवेचन केलें आहे, त्यांत एक रात्र राहणारा तो अतिथि, असें म्हटलें आहे. ज्याचें राहणें नित्य नाहीं तो. त्या व्याख्येनें आम्हीहि तेथें अतिथि ठरतों. परंतु शास्त्रांतला अतिथि कांहीं देऊन येत नाहीं, आणि आम्ही २८ हजार नाणीं मोजून आलों होतों. तेव्हां हा अतिथिधर्म नव्हे, हा सौदा आहे, असें कोणी म्हणेल; आणि नाणीं, खोली व गादी यांच्यापुरतें तें खरेंहि आहे. पण त्या रात्रीं जे मेले, त्यांनीं कोणत्या पाहुण्याच्या खात्यावर किती गुण आहेत हें पाहिलें नव्हतें. जेवढें विकलें होतें त्याच्या पलीकडचें त्यांनीं दिलें. सौद्यांत एवढें बसत नाहीं. अशा देण्याची नोंद कोणत्याहि खात्यांत होत नसते; हॉटेलाचा लौकिक मात्र त्यावरच उभा आहे.

रात्रीं आम्ही हाच विचार करीत खिडकीपाशीं बसलों असतां ध्यानांत आलें कीं, घराचेंहि असेंच आहे. चिरंजीवांच्या खात्यांत औषधांच्या किमतीवर नाणीं जमलीं. परंतु शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे अक्कांच्या उशाशीं रात्रीं कोण बसलें? सूनबाई आणि धाकट्या वहिनी आळीपाळीनें बसल्या. त्यांच्या खात्यावर किती जमलें? फीचे पैसे भरले त्याचे गुण मिळाले; नातवाला पहाटे उठवून अभ्यासाला बसविणाऱ्या आजीला कोणतें नाणें मिळालें? यंत्र खर्च मोजतें. कष्ट मोजण्याचें त्याला शिकविलेलें नाहीं. म्हणून जमलेले गुण कार्डावर ज्याचें नांव आहे त्याचे, असें जर एखाद्या घरांत मानूं लागले, तर तें घर एकत्र राहिलें तरी कुटुंब राहिलें असें म्हणवणार नाहीं. आजकाल असे तंटे होतात, हें ऐकून आहों. चिरंजीवांनीं नाणीं आपलीं न म्हणतां सर्वांपुढें ठेविलीं, आणि अक्कांनीं आपला वांटा आम्हांस दिला. तो नसता दिला, तर ती खोली आमच्या दृष्टीनें एक महागडी खोली झाली असती, अधिक कांहीं नाहीं.

सौभाग्यवतींना नेहमींप्रमाणें पहाटे पांचला जाग आली. खोलींत चहाचें आधण ठेवण्याची सोय होती. त्यांनीं चहा केला. आयता मिळत असतां कां केला, असें विचारल्यावर म्हणाल्या, “कालचा चांगला होता, पण हा आपला.” मग उरणच्या बाजूनें सूर्य वर आला, बंदरांतलें पाणी तांब्याच्या परातीसारखें दिसूं लागलें, आणि घारापुरीच्या पहिल्या बोटींची हालचाल सुरू झाली. स्नान आटोपतों तों सौभाग्यवतींनीं दोन्ही पांघरुणांच्या घड्या करून उशा नीट रचून ठेविल्या होत्या. खोली आवरावयास आलेली मुलगी म्हणाली, “काकू, हें आमचें काम आहे, राहूं द्या ना.” त्यावर, “तुझें काम थोडें हलकें झालें तर काय बिघडलें?” असें म्हणून त्यांनीं तिला डब्यांतले दोन लाडू कागदांत बांधून दिले. घ्यावे कीं नाहीं याचा तिनें क्षणभर विचार केला, आणि मग घेतले.

जे वाचक अशा प्रकारें कोठें जाऊं इच्छितात, त्यांच्यासाठीं दोन-चार अनुभवाच्या गोष्टी लिहून ठेवतों. गुण जमावे म्हणून खरेदी करूं नये. घराला लागेल तेंच घ्यावें, आणि गुण जमले तर जमूं द्यावे. कार्डाची बाकी वेळेवर पुरी फेडणें ज्याला साधत नसेल, त्यानें या वाटेस जाऊं नये. व्याजाच्या एका महिन्यांत वर्षाचे गुण वाहून जातात. नुसत्या खोलीच्या भाड्यावर न भुलतां सरकारी कर विचारून घ्यावा. मोठ्या हॉटेलांच्या खोल्यांना तो शेंकडा अठरा पडतो. जेवणखाण वेगळें असतें, तेंहि आधींच विचारावें. मुदत संपावयाच्या आधीं दोन महिने खातें पाहावें, म्हणजे घाई होत नाहीं. आणि शेवटची गोष्ट ही कीं, कोणीं जावें हें कार्डधारकानें एकट्यानें ठरवूं नये. सर्वांना बसवून ठरवावें. आमच्या घरीं पुढील खेपेचा मान धाकटे बंधु व वहिनी यांचा, असें आतांच ठरलें आहे.

कालिदासानें मेघदूतांत उज्जयिनीचें वर्णन करतांना एक सुंदर कल्पना केली आहे. स्वर्गांतल्या लोकांचें पुण्य सरत आलें, आणि पृथ्वीवर उतरतांना उरलेल्या पुण्याच्या बळावर त्यांनीं स्वर्गाचा एक झगझगीत तुकडा बरोबर आणला, ती ही नगरी, असें तो म्हणतो. आमच्या शेष पुण्याचीहि एक हकीकत आहे. जेवण आणि चहा यांचे पैसे चिरंजीवांच्या कार्डावर पडले होते. त्यांबद्दल पुनः ३३९ नाणीं जमा झालीं. घरीं आल्यावर सूनबाईंनीं विचारलें, यांचें काय करावयाचें? त्या दिवशीं अक्कांच्या महिन्याच्या गोळ्या मागवावयाच्या होत्या. तीं नाणीं त्यांत वळतीं केलीं, आणि अक्का सौभाग्यवतींना जवळ बसवून म्हणाल्या, “आतां सांग, आंत कोण राहतें तें.”